सेलिनाची पूड

अर्नुल्फोनं पहाटे प्राण सोडला आणि सकाळची कॉफी उकळेपर्यंत त्याच्या डोक्यावरून घरात भांडण पेटलं. डोक्यावरून म्हणजे अगदी खरोखरच्या. मेदेयीन शहरातल्या डॉक्टरांना त्याचा मेंदू हवा होता आणि लगेच हवा होता. उशीर झाला की तो नासतो, मग तपासण्यासारखं त्यात काही उरत नाही. अर्नुल्फोचं आता काही खरं नाही हे कळल्यापासून त्यांची गाडी गावातच थांबली होती. ती आता अंगणात उभी होती, आणि नर्स ग्लाडिस दाराशी. एरवी ती आली की गुळाचं गरम पाणी पुढे यायचं. आज तिला कुणी बसही म्हटलं नाही.

तिला बोलावलं होतं अर्नुल्फोच्या बहिणीनं, नोएमीनं. भाऊ भानावर होता तेव्हा त्यानंच सांगून ठेवलं होतं, "मी गेलो की हे डोकं देऊन टाका त्यांना. जिवंतपणी फारसं वापरलं नाही, नवंकोरं आहे." पण आमच्या डोंगरातल्या घरांत मेलेल्या मुलाचा शब्द चालत नाही, आईचा चालतो. आणि आई, एर्नेस्तिनाबाई, मुलाच्या उशाशी ठाण मांडून बसली होती.

"देवानं अख्खं दिलेलं पोर मी अर्धं परत पाठवायची नाही," ती म्हणाली. "चिरायला तो काय भोपळा आहे?"

"आई, संध्याकाळच्या आत आणून देतील. केसांखाली टाके दिसणारसुद्धा नाहीत. लोक रात्री मयताशेजारी जागायला येतील तेव्हा पेटीत असेल तो."

"देवाला दिसतील." आईनं जपमाळ मुठीत आवळली. "आणि शोधायचंय काय एवढं? मला विचारा की. हे कशानं होतं ते मी सांगते."

अर्नुल्फोच्या रोगाला आमच्याकडे बोबेरा म्हणतात, म्हणजे खूळ. पंचेचाळिशीच्या आसपास माणूस नावं विसरायला लागतो, मग वाटा, शेवटी घास गिळायचंही. कुणी म्हणतं जुन्या पाद्र्याचा शाप भोवला, कुणी म्हणतं रानातल्या नको त्या झाडाला हात लागला. आईचं म्हणणं होतं, सगळं सेलिनानं केलं. सेलिना म्हणजे नोएमीच्या बाबांची लग्नाआधीची मैत्रीण. तिनं जळफळाटानं त्यांच्या चॉकलेटच्या पेल्यात पूड कालवली आणि ते खुळे होऊन गेले. मग काका गेले, आत्या गेली, आता अर्नुल्फो. "बाई पूड फारच पुरवून वापरते," असं नोएमी एकदा हसत म्हणाली होती, तेव्हा आईनं तिच्या थोबाडीत मारली होती.

ग्लाडिसनं हळूच घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात आईनं मान वर केली. "काय गं ग्लाडिस, मेंदूत पूड दिसते का?"

"पूड?"

"विष गं. तुमच्या त्या यंत्राखाली दिसेल ना? मग न्या. न्या त्याला! आणि सापडली की तसं लिहून द्या. चर्चच्या दारावर डकवते. मग बघते ती सटवी तोंड कुठं लपवते."

ग्लाडिसनं नोएमीकडे पाहिलं. तूच काय ते ठरव, असं ते पाहणं होतं.

नोएमीनं आता फक्त गप्प बसायचं होतं. गाडी निघाली असती, भावाचा शब्द राहिला असता. पण आई उद्या विचारणार, परवा विचारणार, सापडली का म्हणून. आणि एक म्हातारी बाई विनाकारण मरेपर्यंत चारचौघांत शिव्या खाणार. अर्नुल्फोला आपण आईला फसवून नेलं, हेही आपल्याच छातीवर बसणार. गप्प बसणं इतकं सोपं वाटतंय याचाच तिला संताप आला.

"पूड नाही सापडणार, आई." ती म्हणाली. "विषबिष काही नाही. बाबांच्या रक्तातून आलंय हे. आजीकडून त्यांना, त्यांच्याकडून अर्नुल्फोला. सेलिनाचा काही संबंध नाही."

ग्लाडिसनं डोळे मिटून घेतले. गेलं सगळं, असंच तिला वाटलं असणार.

आई ओरडली नाही. मुलाच्या कपाळावरचा हात काढून तिनं मांडीवर ठेवला.

"गाढवे," ती हळू म्हणाली, "ते काय मला ठाऊक नाही? तुझ्या आजीला मीच घास भरवलेत. तीही अशीच गेली. ती तर सेलिनाच्या हातचं पाणीसुद्धा प्यायची नाही."

"मग इतकी वर्षं तू..."

"पूड असली तर तू वाचतेस!" आईला एकदम हुंदका फुटला. "सेलिनाचं तुझ्याशी काय वाकडं आहे? लहानपणी पेरू द्यायची तुला. पण रक्त म्हटलं की... रक्त तुझंही तेच ना गं."

ग्लाडिसनं नोएमीचंही रक्त तपासायला नेलं होतं. निकाल विचारायचा धीर तिला आजवर झाला नव्हता.

"किती वर्षांची झालीस?" आईनं विचारलं.

"त्रेचाळीस."

आईनं मान हलवली. मग भिंतीचा आधार घेत उठली, दाराशी गेली आणि तिनं ग्लाडिसचा दंड घट्ट धरला.

"न्या त्याला. काय बघायचं ते बघा, पण लवकर बघा हो बाई. ही एकच उरलीय माझी."