मोतीबिंदूची चार वर्षं

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये टॉवेलला हात घातला, आणि टॉवेल निळा निघाला. माझा टॉवेल राखाडी होता. निदान मी तरी तो राखाडी समजत होते. उजवा डोळा तळहाताने झाकला तर तो पुन्हा राखाडी झाला, वर चहा सांडून वाळल्यासारखा पिवळट. डावा झाकला की निळा. असं पाच-सहा वेळा करून बघितलं आणि मग तिथल्या स्टुलावर बसून राहिले.

"अहो, हा टॉवेल कुठल्या रंगाचा आहे?" मी आतून ओरडले.

"निळा," नवरा बाहेरून म्हणाला. तो भूमितीचा निवृत्त शिक्षक आहे. एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्च करत नाही.

"नेहमीच निळा होता?"

"आणला तेव्हापासून." मग जरा थांबून म्हणाला, "गेली दोन वर्षं तू एक काळा आणि एक निळा मोजा घालून हिंडतेस. मला वाटलं, तुमच्या कलाकार लोकांत तशी पद्धत असेल."

एरवी मी हसले असते. पण मी तीस वर्षं या शहरातली चित्रं बघून दर रविवारी पेपरात लिहिते. कोणाचा रंग खरा, कोणाचा खोटा, कोणाचं धाडस, कोणाची नुसती लबाडी, हे सांगणं हाच माझा धंदा. आणि मी बाथरूमात बसून विचार करत होते की माझ्या डोळ्यांतून निळा रंग नक्की कधी गेला.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या खुशीत होत्या. "चांगलाच पिकलेला होता हो! चार वर्षं तरी असणार. इतका हळूहळू येतो की माणसाला पत्ता लागत नाही. पिवळी काच लावून बसल्यासारखं. निळा आधी जातो. डावा आपण पुढच्या महिन्यात करू, मग बघा मजा!"

मजा. चार वर्षांचे रविवार म्हणजे दोनशे लेख. मी कात्रणांच्या फायली जमिनीवर उतरवल्या आणि एकेक वाचत गेले.

आमच्या इथल्या चित्रकारांबद्दल मी जे छापत नाही ते आज सांगते. यांच्यातले निम्मे चित्रं काढतात आणि निम्मे चित्रकार असण्याचं काम करतात. एक आहे भंगारसम्राट, सायकलींची मोडकी चाकं लोंबकळवतो आणि शेजारी दीड पान तत्त्वज्ञान चिकटवतो. एक आहे पोकळीवाला, रिकाम्या चौकटी टांगतो. उद्घाटनाला सगळे हजर, चित्रांकडे सगळ्यांची पाठ. आणि या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, ते मला घाबरतात. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू? मी लेखात 'मरगळलेलं' म्हटलं की दुसऱ्या दिवशी सगळं शहर त्या चित्रांना मरगळलेलं म्हणायचं. तीस वर्षांत एकाने तोंडावर येऊन म्हटलं नाही, बाई, तुमचं चुकतंय. आता कात्रणं वाचताना वाटत होतं, एकाने तरी म्हणायला हवं होतं.

कारण कात्रणांत एकच रड होती. 'शहरातल्या चित्रांतून निळा हरवला आहे.' 'रंगांवर मळभ आले आहे.' 'आमचे चित्रकार निळ्याला का घाबरतात?' हे पहिल्या वर्षीचं. मग दुसऱ्या वर्षापासून समाधान: 'अखेर कोणीतरी निळ्याला हात घालण्याचं धाडस केलं.' पुढे धाडसी लोकांची संख्या वाढतच गेलेली.

त्या फायलीत तो एक लेखही सापडला. शोधत नव्हते असं म्हणणार नाही. चोराच्या मनात चांदणं.

साडेतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका लाँड्रीवालीची मुलगी, पहिलंच प्रदर्शन. अकरा कॅनव्हास, सगळे पांढरे. धुतलेल्या चादरी, घड्या, उशांचे अभ्रे, पांढऱ्यावर पांढरं. मी लिहिलं होतं: 'ही धुतलेली वस्त्रे नव्हेत, ही मळकी वस्त्रे आहेत. घड्यांना खोली नाही, सावलीला जीव नाही. या मुलीला रंग मुळात दिसतात का, असा प्रश्न पडतो.' शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश झाले होते, हेही आठवलं. प्रदर्शन चौथ्या दिवशी उतरवलं गेलं. लाँड्रीवाली हे नाव तिला तेव्हापासून चिकटलं, आणि ती कुठे दिसेनाशी झाली.

पांढऱ्या कापडाच्या घडीत सावली कुठल्या रंगाची असते? मी पलंगावरच्या चादरीकडे उजव्या डोळ्याने पाहिलं. निळी.

मंगळवारी गॅलरीत गेले. माझी एक रीत आहे. प्रदर्शन उघडायच्या तासभर आधी, एकटीने, दिवे बंद करून, नुसत्या खिडकीच्या उजेडात बघायचं, आणि चित्राखालच्या चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत. गॅलरीच्या मालकाला सगळे भाऊ म्हणतात, त्याने सवयीने दिवे घालवले आणि बाजूला झाला. सहा चित्रकारांचं एकत्रित प्रदर्शन होतं. मी मध्यभागी उभी राहिले आणि मला ओरडावंसं वाटलं.

भिंतीवर सगळं निळं होतं. माणसांचे चेहरे निळे, झाडं निळी, भडक निळी टेबलं, निळी फळं. जखमेसारखं ठसठसणारं निळं. भंगारसम्राटाने चाकंसुद्धा निळी रंगवली होती. डाव्या डोळ्याने बघितलं, सगळं छान, समतोल, शांत. उजव्याने बघितलं की कान बंद करावेत असं वाटत होतं. हे सगळे लोक, चांगले धडधाकट डोळ्यांचे लोक, चार वर्षं माझ्या मोतीबिंदूसाठी चित्रं काढत होते.

"तुमच्याच शब्दावर चाललंय सगळं, मॅडम," भाऊ मागून म्हणाला. "दुसरं काही टांगलं की लोक विचारतात, मॅडमना चालेल का?"

"तुला स्वतःला कसं वाटतं हे?"

"मला?" तो गोंधळला. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. "जरा डोळ्यावर येतं. पण मला काय कळतंय!"

मग तो उत्साहाने म्हणाला, "आणि एक सांगायचं राहिलं. लाँड्रीवाली परत येतेय! तीच अकरा चित्रं. पांढऱ्यावरून निळा देतेय. दहा झाली, एक राहिलंय. म्हणते, मॅडमनी आधी बघितल्याशिवाय लावणार नाही. गुरुवारी तिच्याकडे जाल का?"

"त्याच चित्रांवरून?" मी विचारलं. "म्हणजे खालची गेली?"

"गेलीच की. तुम्हीच म्हणाला होतात ना, मळकी आहेत."

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "कोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला. आणि डॉक्टरांना अर्धं."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याभरात दुसरा डोळा होईल. हळूहळू मत बदल. लिही, निळ्याचा आता अतिरेक होतोय. मेंढरं आपोआप वळतील. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"आणि ती मुलगी?"

त्याने चष्मा काढून पुसला. तो वाईट माणूस नाही. त्याला माझी काळजी होती, आणि मलाही माझीच होती, याचीच मला जास्त भीती वाटली. मी नुसती घाबरले नव्हते, तर लपायला जागा शोधत होते. मी आंधळी होते हे कळलं तर माझ्याकडे उरतं काय? मला चित्र काढता येत नाही. मला फक्त बघता येत होतं.

तरी दोन रात्री एकच आकडा डोक्यात घोळत होता. दहा झाली, एक राहिलंय.

गुरुवारी गेले. लाँड्री तळमजल्यावर, मुलीची खोली वर. खाली वाफेत तिची आई इस्त्री करत होती. मी नाव सांगितल्यावर तिने इस्त्री उभी केली आणि हात पुसत पुढे आली. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलावं असंही वाटलं.

"ताई, तुम्ही स्वतः आलात, फार बरं झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरीच्या डोळ्यांचं काहीतरी बघा हो. तुमचं लिहिलेलं आलं तेव्हापासून तिचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही. इथे कपडे वेगळे करायला बसली तरी मला विचारते, आई, हा पांढराच ना?"

मी जिना चढू लागले. एक डोळा स्वच्छ आणि एक पिवळा असला की पायरी कुठे संपते ते कळत नाही. कठडा धरून, आंधळ्यासारखी चाचपडत वर गेले.

मुलगी तिशीची असेल. केस वर बांधलेले, कोपरापर्यंत निळे डाग. तिने मला खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी आणलं. माझ्यावर राग असल्याची एकही खूण तिच्या चेहऱ्यावर नव्हती. भिंतीला टेकवून दहा कॅनव्हास ओळीने ठेवलेले. मी उजव्या डोळ्याने पाहिले. जाड, एकसारखा, वरून थापलेला निळा. खालची घडी कुठेकुठे उंचवट्यासारखी जाणवत होती, पांघरुणाखाली कोणी झोपलेलं असावं तशी.

"तुमचा लेख आला आणि मी डोळे तपासून घेतले," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, ठणठणीत. मग दुसऱ्यांकडे गेले. तेही म्हणाले, ठणठणीत. पण डॉक्टरांना चित्रातलं काय कळतं! तुम्ही तीस वर्षं बघताय." ती सहज, समजुतीने बोलत होती. "आता हे शेवटचं. यात निळा कितपत घालू, तेवढं सांगा. चुकायला नको."

तिने ते शेवटचं चित्र माझ्या हातात दिलं.

चौघडी केलेली चादर, एक कोपरा उलटलेला. एवढंच. पांढऱ्याचे किती प्रकार होते ते मला मोजता आले नसते. वरचा उजेडातला, कडेचा थकलेला, आणि घडीच्या आत निळा, अगदी जरासा, कपड्याला शेवटच्या पाण्यात नीळ दिल्यावर उरतो तेवढा. त्या तेवढ्याशा निळ्याने सगळी घडी आत आत जात होती. तीस वर्षांत या शहरात मी यापेक्षा चांगलं चित्र पाहिलेलं नाही. आणि अशी अकरा होती.

"याला हात लावू नकोस," मी म्हणाले. "मला मोतीबिंदू होता. तुझं प्रदर्शन पाहिलं तेव्हा मला निळा दिसतच नव्हता. चूक माझी होती. तुझं काहीच चुकलं नव्हतं. मी येत्या रविवारी तसं छापणार आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आई खाली काही बोलली का तुम्हाला?"

"ती बोलली म्हणून नाही सांगत."

"तुम्हाला माझी दया आली असेल तर राहू दे, मॅडम. मी आता खचत नाही."

मी पर्समधून ऑपरेशनचे कागद काढले. तिने ते दोनदा वाचले, तारखेवर बोट ठेवून. मग खाली बसली. तिने किंचाळावं, मला शिव्या द्याव्यात, अंगावर पाणी फेकावं, यातलं काहीही मी आनंदाने सोसलं असतं.

"म्हणजे खरंच," ती म्हणाली.

"खरंच गं. खरंच."

ती उठून माझ्या शेजारी आली आणि माझ्या हातातल्या चित्राकडे खूप वेळ बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे काहीतरी परत येईल म्हणून वाट बघत होते.

"पण मॅडम," ती शेवटी म्हणाली, "मला तर ते मळकंच दिसतं."

"नाही. नीट बघ. घडीच्या आत बघ, तो निळा..."

"आधी दिसायचा. आता रोज सकाळी उठून बघते. मळकंच आहे." ती रागाने बोलत नव्हती, हवेबद्दल बोलावं तसं बोलत होती. तिने टेबलावरचा ब्रश उचलला, रुंद, निळ्यात बुडवलेला. "बसा तुम्ही. हे एक तेवढं उरकून टाकते, मग मोकळी होते. द्या."

मी दिलं नाही. तिने हात पुढे केला. "द्या ना," ती मऊ आवाजात म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं.

मग मी चित्र छातीशी धरलं आणि दाराकडे निघाले. साठ वर्षांची बाई, दुसऱ्याचं चित्र उचलून. ती "मॅडम!" म्हणून ओरडली. मी थांबले नाही. दोन्ही हात चित्रात अडकलेले, कठडा धरता येत नव्हता, आणि पायऱ्या कुठे आहेत ते मला दिसत नव्हतं. मी पाऊल टाकत गेले. मागून तिची पावलं ऐकू येत होती. ती पळत नव्हती, शांतपणे एकेक पायरी उतरत येत होती. ती मला गाठणार होतीच. तोवर तिला पटेल असं एखादं वाक्य मला सुचायला हवं होतं. मी शोधत होते, आणि मला एकही सापडत नव्हतं.