पाटीवरचा शब्द

“कोचिंग क्लास म्हणं. माझ्याच छडीखाली एबीसी गिरवली, आणि आता माझ्याच दारासमोर कोचिंग.”

नेमगोंडा मास्तर भाकरी मोडता मोडता पुटपुटत होते. बायकोनं, राजमतीनं, ऐकून न ऐकल्यागत ताटात झुणका वाढला.

दिवाळीपर्यंत शाळा सुटल्यावर मास्तरांच्या सोप्यात इंग्रजीला चौदा पोरं बसायची. आता तीनच उरली. बाकीची समोर पार्श्वनाथाकडं. पोरांचे बाप भले. जाताना म्हणाले, “तिकडं पाटीवर इंग्रजी शब्द हाय, मास्तर. पोरांस्नी त्येचंच याड.” मास्तरांनी ते खरं धरलं आणि तंबाखूच्या वखारींच्या पाट्या रंगवणाऱ्या मष्णूला बोलावलं.

खरं काय ते राजमतीला ठाऊक होतं. हल्ली मास्तर प्रत्येक उताऱ्यावर लाल शाईनं ‘बरोबर’ची खूण करत. कधी ती खूण वही सोडून मेजावरच उमटायची. पोरं गेली की राजमती ओल्या फडक्यानं पुसून टाकायची.

जीव मात्र तिचाही जळायचा. बस्तीत दर्शनाला गेल्यावर पार्श्वनाथाची बायको शालन भेटली की हटकून म्हणायची, “पोरांच्या टोप्या अडकवायला खुंट्या पुरंनात बघा, आक्का.” राजमतीच्या सोप्यात अकरा खुंट्या रिकाम्या होत्या.

“ट्यूशन लिवू?” मष्णूनं विचारलं.

“ते वकिलाच्या घरी जाऊन शिकवणाऱ्याचं.”

“मग प्रायव्हेट क्लास?”

“चोरून चालवल्यागत वाटतंय.”

“शिकवणीच लिवा की,” राजमती म्हणाली. “समद्यांस्नी कळतंय.”

“कळतंय म्हणूनच नको. त्याच्यापेक्षा लांब पायजे.” मास्तरांनी बराच विचार केला. “ट्यूटोरियल इन्स्टिट्यूट.”

“अक्षरं बारीक करावी लागतील, मास्तर.”

“बारीक करायची न्हाईत. पाटी मोठी घे.”

दुसऱ्या दिवशी मष्णूनं मोठ्या फळीला पांढरा रंग दिला, ती दारावर टांगली आणि काळा रंग आणायला बाजारात गेला. शाळा सुटायची वेळ. रंगाचा वास आला तसे मास्तर पगडी घालून बाहेर आले. समोर पार्श्वनाथ पोरांना आत घेत होता, शालन दारात उभी होती.

“पार्श्वा,” मास्तरांनी हाक मारली. “बघून घे. ट्यूटोरियल. स्पेलिंग पाठ कर, उद्या विचारीन.”

पार्श्वनाथानं पांढऱ्या फळीकडं बघितलं. मग राजमतीकडं. पोरं खुदखुदायला लागली, तसं त्यानं एकाच्या डोक्यावर टपली मारली.

“लई झ्याक आलंय, मास्तर,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा मोठं.”

शालननं मान खाली घातली.

मास्तरांची छाती फुगली. राजमतीला शालनच्या खुंट्या कधी टोचल्या नव्हत्या एवढी तिची ती खाली घातलेली मान टोचली. तिनं मास्तरांचा हात धरला, उचलला आणि ओल्या फळीवर टेकवला. तळवा पांढरा झाला.

“अजून काय लिवलेलं न्हाय, अवो,” ती म्हणाली. “पोरं शब्दापायी गेली न्हाईत. तुमास्नी दिसत न्हाय.”