महाराजांनी फुंकलेला कोळसा

आमच्या मुखवट्यांच्या कारखान्यातून प्राणमहाराज मागच्या दाराने पळाले. पण ते सोडा, ते अजून घडायचंय. महाराज प्रयोगशाळेत स्टुलावर बसलेत आणि साहेबांसकट तीस माणसं चपला काढून उभी आहेत.

चमत्कार असा : विषारी वाफा शोषायला मुखवट्यात कोळशाची पूड भरतात. तिच्या छिद्रांत नायट्रोजन किती मावतो यावरून यंत्र आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सांगतं. इथेच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्या ताईने तयार केलेला नमुना ग्रॅमला सहाशे चौरस मीटर. त्याच डब्यातली पूड महाराजांनी फुंकली की हजार!

"पोरी, तुझ्या हाताला गुण नाही," महाराज म्हणाले. "तुला पाहून कोळसासुद्धा श्वास रोखतो."

साहेबांनी लगेच मला ताईला काढून टाकल्याचं पत्र टाइप करायला सांगितलं. मी एका बोटाने सुरुवात केली.

ताईने विचारलं, "महाराज, फुंकायला किती वेळ लागतो?"

"क्षणभर. आधी पाच तास प्रवचन."

"तोवर पुडीची नळी कुठे असते?"

"यंत्राच्या तापत्या खोबणीत, हवा खेचणारा पंप लावून. हवा अपवित्र ना!"

"साहेब, मला तुम्ही किती वेळ देता?"

"पंधरा मिनिटं. कामं खोळंबतात, बाई!" पाचही तास प्रवचन ऐकणारे साहेब म्हणाले.

"मग आज अदलाबदल. महाराजांना पंधरा मिनिटं, मला पाच तास. हरले तर पत्र घेऊन जाईन."

महाराजांनी घाईघाईत फुंकलं. ताई पाच तास गप्प बसली. एकदा फक्त शिंकली. दुसऱ्या दिवशी आकडे आले : महाराज सहाशे दहा, ताई हजार चार.

"शिंकेतच सामर्थ्य असणार," साहेब कुजबुजले.

"अहो, कोळसा हवेतली ओल पितो," ताई म्हणाली. "छिद्रांत पाणी ठाण मांडून बसलं तर वायू कुठे बसणार? तापवून, हवा खेचून, वेळ देऊन ते आधी काढायचं. वजनही त्यानंतरच, नाहीतर पाण्यालाच कोळसा समजून मोजाल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं, मागचं दार हलत होतं.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी घड्याळ लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा.

पत्राचा कागद मशीनवर तसाच होता. "महोदय" एवढंच टाइप झालं होतं. पुढे मी साहेबांनाच लिहिलं :

महाराजांसाठी मंजूर झालेल्या पाच तासांतून महाराज वजा करून उरलेले पाच तास प्रत्येक नमुन्यास कायमस्वरूपी देण्यात यावेत, ही नम्र विनंती.