शोघेरच्या उंचीची वेणी

मी एक जुनी वेणी आहे. केसांची नव्हे, पाल्याची. आर्मेनियाच्या डोंगरउतारावर उगवणाऱ्या अवेलुक नावाच्या रानभाजीची. आज माझी जेमतेम वीतभर शेपटी एका खिळ्याला लटकते आहे. पण मित्रांनो, एके काळी मी एका बाईच्या उंचीची होते.

तिचं नाव शोघेर. जून महिन्यात ती शेजारच्या अरुस्याकबरोबर उतारावर जाई आणि पोतं भरून पाला आणी. मग दोघी ओसरीवर बसून पान पानात गुंफत वेण्या घालत. आमच्या गावात वेणी विणणारीच्या उंचीची होते. विणून झाली की बाई तिच्याजवळ उभी राहते, टाळूला टोक लागलं की गाठ मारते. ताजा पाला कडू असतो, म्हणून वेणी सावलीत टांगून महिनोन्‌महिने वाळवावी लागते.

आमच्या भाषेत अवेली म्हणजे जास्त. भाजीला अवेलुक नाव त्यावरूनच पडलं असं गावात म्हणतात. पुस्तकात काय आहे, मला ठाऊक नाही. अरुस्याक म्हणायची, कितीही खुडा, ही उगवतच राहते, म्हणून हे नाव. शोघेरची समजूत वेगळी होती. तिच्या आजीनं सांगितलं होतं की घरात जेवढी माणसं, त्याहून एक वेणी जास्त विणायची. पानावर नसलेल्या माणसासाठी.

मी ती जास्तीची वेणी.

त्या वसंतात शोघेरचा एकुलता एक मुलगा नोराइर इमारतीच्या कामाला रशियात गेला होता. गावातले पुरुष असेच जातात आणि बर्फ पडायच्या आत परततात. शोघेरनं मला तुळईला टांगलं. त्या साली ती ताठ होती, म्हणून मीही लांब झाले. सगळे माझं कौतुक करत.

नोराइर आला नाही. एक काम संपलं की दुसरं निघे. फोनवर तो दर वर्षी सांगे, पुढच्या शरदात नक्की. दर जूनला घरासाठी नवी वेणी विणली जाई आणि थंडीत शिजून संपे. मी मात्र तिथेच. धुरानं काळी पडले, कोळ्यांनी माझ्यात घर केलं.

अरुस्याक चिडवायची, "अगं, ही वेणी आहे की सून? किती वर्षं जपणार आहेस?"

एकदा नोराइरनं फोनवर भाजी मागितली. गावचा बसवाला तिकडे निघाला होता. अरुस्याक म्हणाली, अर्धी तरी तोडून दे. शोघेरनं मला खाली उतरवलं, कागदात गुंडाळलं आणि पुन्हा सोडून वर टांगलं.

"तिथे पोचली तर तो इथे कशाला येईल?" ती म्हणाली. "इथे येऊन खाऊ दे."

मित्रांनो, मला जायचं होतं. पण वेणीला कोण विचारतं?

अकरा वर्षं झाली. शोघेर वाकत गेली आणि तिच्या नव्या वेण्या आखूड होत गेल्या. ती माघ सरता सरता गेली. नोराइर आला तो तिला मातीत ठेवायला.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकून पाहुणे गेल्यावर त्यानं मला खाली काढलं. तो माझ्याजवळ उभा राहिला. माझं टोक त्याच्या हनुवटीला लागलं. शवपेटीत आई किती लहान दिसत होती, ते त्याला आठवलं असावं.

मग त्यानं मला तोडून उकळत्या पाण्यात टाकलं, लसूण घातला, अक्रोड घातले. अरुस्याकनं एक घास घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"पहिलं पाणी फेकलं नाहीस, नोराइर जान?"

"फेकायचं असतं?"

"उरलेला कडवटपणा त्यातच उतरतो. तुझी आई दर वेळी फेकायची."

"मी कधी बघितलंच नाही," तो म्हणाला. "मला नुसती ताटात माहीत होती."

अरुस्याकनं पातेलं उचलायला हात पुढे केला. त्यानं ते आपल्याकडे ओढून घेतलं आणि रोटीच्या तुकड्यानं तळापर्यंत सगळं संपवलं. अरुस्याक पाठ फिरवून चूल पुसत राहिली.

माझी ही शेपटी मात्र त्यानं शिजवली नाही. पानावर नसलेल्या माणसासाठी टांगून ठेवली. दुसऱ्या आठवड्यात घराला कुलूप लावून तो गेला.

मित्रांनो, मी पाला. तुम्हाला काय शिकवणार? पण तुमच्यासाठीही कुठेतरी, कुणीतरी, जास्तीचं काही राखून ठेवलं असेल. ते राखणारी आपल्या पायांवर ताठ उभी आहे, तोवर जाऊन खा. पहिलं पाणी फेकायचं असतं, हे तीच सांगेल.

मला ते ठाऊक होतं. पण मला बोलता येत नव्हतं.