डावीकडून दुसरं

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास सुताराला कळलं की बायकोचा आवाज गेला. बायको जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. पण आवाज होता, जुन्या लॅपटॉपवर, एकेचाळीस फायलींत. नवीन टाकलेली लिनक्स सिस्टिम झटक्यात सुरू झाली, म्हणून तो खूश होऊन तिचा ड्राइव्ह उघडायला गेला, तर साठ जीबीचा नुसता रिकामा तुकडा. एक फाइल नाही. तो उठला, हात धुऊन आला आणि त्याने पुन्हा बघितलं, जणू मळक्या हातांमुळेच दिसत नव्हतं.

शेवटच्या चार महिन्यांत ती दुपारी उशीला टेकून लॅपटॉपसमोर बोलत बसायची. मुलगी परदेशात, तिला दिवस गेलेले, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. आईला भेटायला येणं होईना, म्हणून आई तिच्यासाठी बोलून ठेवत होती. काय, ते सुताराला माहीत नव्हतं. "आमचं मायलेकींचं आहे ते, तुम्ही कान देऊ नका," असं म्हणून ती त्याला बाहेर पिटाळायची. तो शेजारच्या शेडमध्ये जाऊन काम करायचा.

ती गेल्यावर त्याने मुलीला विचारलं होतं, "पाठवू का?"

"आत्ता नको बाबा. मला नाही झेपणार. मी सांगेन तेव्हा."

त्यानंतर तिने विषय काढला नाही, त्यानेही नाही. आणि गेल्या रविवारी ती आपण होऊन म्हणाली, "बाबा, पिल्लू चालायला लागलं. आता पाठवा आईचं."

"दोन दिवसांत पाठवतो," सुतार म्हणाला.

पण लॅपटॉप टेकीला आलेला. विंडोज सुरू व्हायला वीस मिनिटं, आणि कॉपी करायला घेतली की निम्म्यात सगळं गोठायचं. त्याने मेहुण्याला फोन लावला. मेहुणा कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होता. या घरातली असली सगळी दुखणी त्याच्याकडेच जायची.

"विंडोजशेजारी डिस्कवर वेगळं पार्टिशन करून लिनक्स टाकू, भाऊजी. जुन्या मशीनवरही पळतं. पेनड्राइव्ह तयार करून पाठवतो, शनिवारी येऊन लावून देतो. तोवर हात लावायचा नाही."

"अरे, आयुष्यभर ऑफिसांतून पार्टिशनं घातली मी. मला शिकवतोस?"

"ती प्लायवूडची हो. इथं चुकलं तर खिळा उपसून परत ठोकता येत नाही."

दोघंही हसले होते.

बुधवारी पेनड्राइव्ह आला आणि मुलीचा मेसेजही: "पाठवलंत का बाबा?" शनिवार त्याला फार लांब वाटला. संध्याकाळी त्याने विंडोजच्या ड्राइव्हमधून जागा कापली आणि तिथे नवं पार्टिशन केलं. तिचं साठचं होतं, म्हणून हेही साठचंच केलं. कपाटाची दोन दारं असावीत तशी. स्क्रीनवर दिसलं तसं प्लायवूडच्या एका तुकड्यावर पेन्सिलीने लिहून घेतलं, डावीकडून: विंडोज, नवं, तिचं.

गुरुवारी सकाळी पेनड्राइव्ह लावला. पहिलाच प्रश्न आला: नुसतं करून बघायचं की इन्स्टॉल करायचं? त्याने कधी कच्चं काम करून ठेवलं नव्हतं. इन्स्टॉल. मग यादी आली. तिच्यात कुणाची नावं नव्हती, नंबर आणि मापं होती. त्याने प्लायवूडचा तुकडा स्क्रीनशेजारी धरला. दुसरं, साठ. दोनदा पडताळलं. फॉरमॅट करू? हो. नक्की? हो.

फोनवर त्याचा आवाज ऐकून मेहुणा रजा टाकून दुपारीच आला. स्क्रीन बघितला, प्लायवूडचा तुकडा बघितला.

"ही यादी जागेप्रमाणे लागत नाही, भाऊजी. जे पार्टिशन आधी झालं त्याला आधीचा नंबर. ताईचं जुनं, म्हणून ते दोन नंबर. तुमचं कालचं, मधे बसलेलं असलं तरी तीन."

"फळ्यांवर आपण डावीकडून नंबर घालतो."

"आणि समोर लिहिलेलं असतं हो, किती भरलंय ते."

"मी माप बघितलं."

मग बोलायला नको होतं ते मेहुणा बोलून गेला. "'नुसतं करून बघा' घेतलं असतं तरी चाललं असतं. ते पेनड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला हातही लागत नाही. तिथूनच सगळ्या फायली कॉपी झाल्या असत्या."

सुतार म्हणाला, "असं."

मेहुण्याने डिस्क काढून घरी नेली आणि दोन दिवस तिच्यामागे लागला. ताई त्याची सख्खी बहीण होती. शनिवारी तो डोळे लाल करून आला. नवीन सिस्टिम तिच्याच जागेवर लिहिली गेली होती. उरल्यासुरल्यातून अकरा सेकंद निघाले होते. ते त्याने फोनवर लावले.

खाट करकरली. मागून रंध्याचा आवाज, लांब, एकसारखा. मग ती म्हणाली, "अहो, रंधा थांबवा ना जरा! लेकीशी बोलतेय मी." आणि तिथेच संपलं.

सुताराने ते दोनदा ऐकलं. रंधा तेव्हा थांबवला होता की नाही, ते त्याला आठवेना. त्याने खूप आठवून बघितलं.

"मी सांगू का तिला?" मेहुण्याने विचारलं.

"नको. माझ्या हातून झालंय."

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, नेट स्लो आहे का तिकडे?"

"हो."

"मग सावकाश होऊ द्या. मीच वर्षभर थांबवलं तुम्हाला. ऐकायला घेईन ना, तेव्हा पिल्लाला मांडीवर घेऊन बसणार आहे. आजी ओळखू दे तिला."

"बरं," सुतार म्हणाला.

"जेवलात?"

"हो."

तेही खोटंच होतं. फोन ठेवून तो टेबलाशी आला. लॅपटॉप उलटा, उघडा पडला होता. त्याचे स्क्रू वाटीत होते, प्लायवूडचा तुकडा शेजारी. स्क्रू परत बसवायचे राहिलेत. अकरा सेकंद पाठवायचे राहिलेत. मुलीला सांगायचं राहिलंय.