करवतकाठीचा मधला धोटा

काठाकडे पाहू नका, मित्रांनो. निदान माझे बोलणे होईपर्यंत तरी नका. सगळे जग काठाकडेच पाहते आणि त्यानेच माझा जन्मभर जळफळाट झाला.

मी एक जुना धोटा आहे. विणकर आडव्या सुताची कांडी माझ्या पोटात बसवतो आणि मला ताण्याच्या उभ्या दोऱ्यांमधून इकडून तिकडे फेकतो. मी शिसवी लाकडाचा, दोन्ही टोकांना म्हशीच्या शिंगाची टोपी. नागपुरात, इतवारीमागच्या कोष्ट्यांच्या गल्लीत, रामाजींच्या हातमागावर माझे आयुष्य गेले. तेव्हा रुपयावर पंचम जॉर्जचे तोंड असे.

रामाजी करवतकाठी लुगडी विणत. मोठ्या घरच्या लेकी बोहल्यावर नेसत ती. अशा लुगड्याला एक धोटा पुरत नाही, तीन लागतात. मी मधला. माझ्या पोटात पिवळट कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा. दोन्ही कडांना दोन बुटके धोटे, त्यांच्या पोटात लालभडक रेशीम. मी अख्ख्या अंगभर धावायचो, ते चार बोटे सरकून परत फिरायचे. प्रत्येक फेरीला माझा धागा त्यांच्या धाग्यात अडकून मागे वळे. त्या अडकण्यातूनच काठावर करवतीसारखे दाते उमटत.

आणि कौतुक कोणाचे? काठाचे! गिऱ्हाईक येई, बोटाने काठ चाचपी आणि म्हणे, "वा रामाजी, काय काठ हाय!" मी घाम गाळायचा आणि शाबासकी त्या बुटक्यांनी खायची. रंभाबाई, रामाजींची बायको, आम्हाला तेल लावायची तेव्हासुद्धा आधी त्या दोघांना. माझ्या अंगाचा तिळपापड होई.

एका वर्षी पारशिवनीचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, गोपाळराव यांच्या मुलीचे, अरुंधतीचे, लग्न ठरले. तिच्या अंगावरचे लुगडे विणायचे काम रामाजींकडे आले. गल्लीतले निम्मे माग तेव्हा बंद पडले होते आणि माणसे गिरणीत जाऊ लागली होती. रामाजी एकदा जेवताना म्हणाले, "हे लुगडं पसंत पडलं तं मालगुजाराच्या साऱ्या गोतात आपलं नाव होईन. नाही तं माग मोडतो अन् मी बी गिरणीत जातो."

निम्मेही विणून झाले नव्हते, तोच मालगुजारांचे दिवाणजी कृष्णकांत धापा टाकत आले. मुहूर्त अलीकडे ओढला होता.

"तीन धोट्यांचं काम लवकर नाही होत, दिवाणजी," रामाजी म्हणाले.

"मंग मधलं अंग तेवढं विणा ना! बाजारात तयार काठ भेटते, तो शिवून टाका. कोण पाहून राहिलं?"

रामाजींनी अखेर होकार दिला. काठाचा लाल ताणा बाजूला बांधला गेला. ते दोघे बुटके खुंटीला लटकले.

मित्रांनो, तसे सुख मला पुन्हा लाभले नाही! सारा माग माझ्या एकट्याचा. ना कोणासाठी थांबणे, ना कोणात अडकणे. मी असा सुटलो की रामाजींचे हात मागे पडू लागले. खुंटीकडे पाहून मी मनात म्हणालो, बसा आता वारा खात.

लुगडे झाले. बिनकाठाच्या भागाला रंभाबाईने बाजारचा काठ शिवला. दिसायला झकास! पण आमच्या घरची एक रीत होती. लुगडे उंबरठा ओलांडण्याआधी नवरा-बायकोने समोरासमोर उभे राहून एकेक काठ धरायचा आणि जोराने झटका द्यायचा.

"अवो, शिवलेला काठ हाय. झटका देऊ नका," रंभाबाई म्हणाली.

"झटक्याबिगर आपल्या घरचं लुगडं भाईर नाही जात. धर वं."

झटका बसला आणि टर्रकन आवाज झाला. शिवणीचे टाके जागच्या जागी राहिले, फाटला तो टाक्यांलगतचा कोसा. म्हणजे मी विणलेलाच भाग.

रंभाबाईने ते फाटके लुगडे उचलले आणि तडक मालगुजारांचे लग्नघर गाठले. परत आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "म्या फाटलेलंच त्यांच्यापुढं ठेवलं. सुभद्राबाई, म्हणजे पोरीची माय, म्हणे, खरं सांगतलं हे बरं केलं. बोहल्यावर चढाच्या आंधी आणून दे. पन काठ इनलेलाच पायजे."

पुन्हा काठ! मी जळून कोळसा झालो.

ते दोघे खुंटीवरून उतरले. मागावर आणखी एका लुगड्याचा ताणा उरला होता; त्यावर आम्ही तिघे रात्रंदिवस कामाला लागलो. रागाच्या भरात मी त्यांचा धागा असा आवळून ओढला, की एवढे टोकदार दाते त्या मागावर कधीच पडले नव्हते. या वेळी दोघांनी झटका दिला तेव्हा लुगड्याने हूं की चूं केले नाही. अरुंधती ते नेसून बोहल्यावर उभी राहिली आणि पुढे कितीतरी वर्षे पारशिवनीहून माणसे येत राहिली. माग मोडला नाही. सगळे काय म्हणत, ते मी सांगायला हवे का?

रामाजी वारले आणि मग मात्र माग मोडला. उमरेडहून त्यांचा पुतण्या वसंत आला. तो करवतकाठी विणतो. त्याने ते दोन्ही बुटके फडक्यात बांधून घेतले. मला हातात घेतले, फिरवून पाहिले आणि खाली ठेवले. "मधला हाय माह्याजवळ," तो म्हणाला.

आता मी कोनाड्यात धूळ खात पडलो आहे. त्या दोघांचा हेवा करायचेही आता मनात येत नाही. हेवा वाटतो तो उमरेडच्या त्या मधल्याचा. त्याचा धागा रोज त्यांच्या धाग्यात अडकत असेल. बहुधा तोही माझ्यासारखाच चरफडत असेल, वेडा कुठला!

म्हणून मित्रांनो, घरात एखादे करवतकाठी लुगडे असेल तर ते जपा. काठाचे कौतुक करा, माझी ना नाही. पण बोट तिथेच थांबवू नका. दात्यांवरून थोडे आत, कोशावर आणा. आणि उमरेडला कधी गेलात तर त्या दोघांना सांगा, जुन्या मधल्याने विचारले आहे.