अंधारात कोंडलेली जास्वंद

मित्रांनो, मी एक जुनी जास्वंद आहे. मनीषनगरातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात माझी कुंडी असते. क्रिकेटचे चेंडू अंगावर झेलूनही मी फुलायचे कधी सोडले नाही. लोक फुलांचे कौतुक करतात, पण खरी गंमत माझ्या पानांत आहे. पानात वरच्या बाजूला लांबट पेशी दाटीवाटीने उभ्या असतात, त्यांच्याखाली सैलसर पसरलेल्या पेशी आणि तळाशी पर्णरंध्रांची इवलीशी दारे. त्या दारांतून हवा आत येते. पेशींमधल्या हिरव्या हरितलवकांत रुबिस्को नावाचे विकर असते. विकर म्हणजे पेशीतला कामगारच. हा रुबिस्को भारी संथ, वर वेंधळा! कार्बन डायऑक्साइड धरायचा सोडून कधी ऑक्सिजनच पकडून बसतो. पण तो माझ्याकडे ढिगाने आहे, म्हणून ऊन मिळाले की साखर बनते आणि उरलेल्या साखरेचा स्टार्च होऊन साठतो. अंधारात दुसरी विकरे तोच साठा फोडून मला जगवतात.

या साठ्यावरून यंदा मोठा घोळ झाला.

नववीतल्या काजलने शनिवारच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला निवडले. दोन दिवस मला बंद खोलीत अंधारात ठेवून साठा संपवायचा, मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून मला उन्हात न्यायचे. नंतर ते पान गरम स्पिरिटमध्ये रंग जाईपर्यंत ठेवून त्यावर आयोडीन टाकायचे. उघड्या भागात स्टार्च असल्याने तो निळाकाळा होतो, पट्टीखालचा फिकट राहतो. काजलला पहिल्यांदाच स्वतःचे टेबल मिळाले होते. तिच्या बाबांनी तर हिंगण्याच्या कंपनीत शनिवारची पाळी बदलून घेतली होती.

बुधवारी रंगीत तालीम झाली आणि पट्टीखालचा भागही निळाकाळा झाला!

"काहून असं झालं मॅडम? मी तं सगळं बरोबर केलं," काजल रडकुंडीला आली.

"शनिवारपर्यंत जमलं नाही, तर टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल," विज्ञानाच्या वंदना मॅडम म्हणाल्या.

मला बोलता आले असते, तर मी तेव्हाच कबुली दिली असती. मला रोज पाणी घालणाऱ्या शाळेच्या मावशी प्रयागबाई दोन्ही सकाळी मला खोलीतून काढून उन्हात ठेवत होत्या आणि दुपारची शाळा भरायच्या आत परत नेत होत्या. मी तरी काय, ऊन दिसताच रुबिस्कोला कामाला लावून मोकळी!

मावशी झाडू टाकून पुढे आल्या. "मीच काढलं वं पोरी बाहेर. असं कोंडलेलं झाड मले पाहवलं नाही. वाटलं, मरते का काय आता."

"नाही मरत मावशी. त्याच्या पोटात साठा राहते." काजलने डोळे पुसले आणि खडूने फरशीवर अख्खे पान काढून त्यांना समजावले. मावशींनी सगळे ऐकले आणि कमरेला खोचलेली खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "तूच ठेव. माह्या मनाचा भरोसा नाही."

मी पुन्हा अंधारात गेले. साठा सरत आला, पोटात खड्डा पडला. दाराबाहेरून मात्र घडीघडी मावशींचा आवाज येई, "हायेस ना वं बाई?" मला इतके हसू येई की भूकच विसरायला होई.

शनिवारी मला ऊन दाखवून झाल्यावर पट्टी काढली, पानाचा रंग स्पिरिटमध्ये घालवला आणि आयोडीन टाकले. सगळे पान निळेकाळे आणि मधोमध एक फिकट पट्टा! मी आनंदाने नुसती शहारले. काजलने बुधवारचे पानही शेजारी मांडले होते.

"हे फसलेलं पान काहून ठेवलं?" तपासायला आलेल्या सरांनी विचारले.

"फसलं नाही सर. मावशींनी याले रोज सकाळचं ऊन दिलं, तेवढ्यात यानं पुन्हा साठा भरला. या दोन पानांतला फरक म्हणजे मावशींचं ऊन."

काजलचे बाबा टाळ्या वाजवू लागले. मावशींनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपेना.

मित्रांनो, आम्हा झाडांना अभ्यासासाठी खुशाल कोंडा, एखादे पानही तोडा, आमची तक्रार नाही. फक्त जे आम्हाला रोज पाणी घालतात, त्यांना आधी कारण सांगा.